सावडीची मशीन

"सर, तुम्ही आम्हाला धंदा शिकवणार म्हणताय. पण तुमचा स्वतःचा धंदा कुठलाय?"

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या कुंडलच्या कॉलेजच्या हॉलमध्ये सव्वाशे पोरापोरींच्या देखत विचारला गेला, तेव्हा मी तिथंच होते. अगदी पुढच्या टेबलावर! प्रश्न विचारणारीचे हात माझ्याच दांड्यावर होते. तिचं नाव संयोगिता, अकरावीतली. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तिसऱ्या बाकावरून तिची मैत्रीण तरन्नुम तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिनंच पैज लावली होती, "विचारून दाखव सरांना! एक अख्खं भडंगाचं पाकीट तुझं." आणि भडंगासाठी आमची संयोगिता काय वाटेल ते करते.

सरांनी काय उत्तर दिलं ते सांगतेच. पण आधी मी त्या टेबलावर कशी चढले ते ऐका.

मी एक जुनी शेवयांची मशीन आहे. बिडाची, हातानं फिरवायची. एका अंगाला लाकडी मुठीचा दांडा, वर कणीक भरायचं तोंड, पुढं बारीक भोकांची पितळी चकती आणि खाली टेबलाला घट्ट आवळायचा स्क्रू. अंगावर एके काळी हिरवा रंग होता. आता तो फक्त काखेत उरलाय.

माझा जन्म मिरजेजवळच्या एका छोट्या फौंड्रीतला. चाळीस वर्षं झाली असतील. लाल रसरशीत बीड वाळूच्या साच्यात ओतलं, गार झालं, कानशीनं घासलं, की झाले मी! तिथून मी औंधला यमाईच्या यात्रेत विकायला गेले. पातेली, खलबत्ते, विळ्या असा सगळा गोतावळा मांडला होता. नवस फेडायला आलेल्या कुंडलच्या रंगूबाई माझ्यापुढं थांबल्या. त्यांनी माझा दांडा तीनदा फिरवला, कान लावून आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "कुरकुर करत न्हाई. माझ्या सुनंपरास बरी हाय."

एस्टीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्या लोखंडाचं लगेज पडंल." रंगूबाईंनी मला मांडीवर घेतलं, वरून पदर टाकला आणि म्हणाल्या, "मांडीवरच्या लेकराला तिकीट असतंय व्हय रं?" सगळी गाडी हसली. मी अशी पदराखालून, फुकट, कुंडलला आले.

आणि मग सुरू झाले माझे सोन्याचे दिवस! शिमगा सरला, ऊन तापलं, की आमच्या गल्लीत शेवया निघायच्या. खपली गहू ओलवून, दळून, पातळ कापडातून गाळून त्याचं सपीट करायचं. एकीनं कणीक मळायची, एकीनं माझ्या तोंडात गोळा दाबायचा, एकीनं दांडा फिरवायचा, आणि एकीनं पुढून निघालेली शेवई काठीवर अलगद झेलून बाजेवर वाळत टाकायची. एकट्या बाईचं हे कामच नव्हे. म्हणून सावड असायची. आज रंगूबाईंच्या शेवया, गल्लीतल्या सगळ्या जणी हजर. उद्या आबेदाचाचींच्या, म्हणजे आपल्या तरन्नुमच्या आजींच्या, की रंगूबाई हजर. चाचींना ईदच्या शीरखुर्म्याला केसासारखी शेवई लागायची, त्यासाठी माझी सगळ्यात बारीक चकती लागायची. पैशाचं नाव कुणी काढत नसे. दिवसाला दिवस, हाताला हात. हिशोब रंगूबाईंच्या डोक्यात, आणि त्या डोक्यातून अजून एकही दिवस गळालेला नाही.

पण मित्रांनो, दिवस कुणाचेच एकसारखे राहत नाहीत. दुकानात पाकिटातल्या शेवया आल्या. रंगूबाईंचे खांदे धरले. मी कॉटखाली गेले. अंधार, धूळ, आणि शेजारी एक फुटकी बादली! उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. बाहेरून बायकांचा आवाज आला की वाटायचं, आता पाट येईल, आता स्क्रू आवळला जाईल. पण नाही.

मग एक दिवस रंगूबाईंनी मला बाहेर ओढलं आणि शेजारच्या राणीच्या, म्हणजे संयोगिताच्या आईच्या हवाली केलं. दोन अटी घातल्या. "मागायला येईल तिला न्हाई म्हणायचं न्हाई. आन् हिला पानी दावायचं न्हाई. काम झालं की कोरडं पीठ फिरवायचं, तेलाचं बोट लावायचं, बास."

संयोगिता तेव्हा आठ वर्षांची. तिला मी इतकी आवडले, इतकी आवडले, की तिनं मला साबण लावून आंघोळच घातली! वर पावडरसुद्धा लावली. दुसऱ्या दिवशी मी गंजून लालभडक. दांडा हलेना. रंगूबाई काठी टेकत आल्या आणि कडाडल्या, "मिशीन म्हंजे म्हस न्हवं गं, रोज धुवायला!" मग त्यांनीच शेंगतेल आणि गव्हाचा कोंडा घेऊन मला तीन दिवस चोळलं. संयोगिता शेजारी बसून नाक पुसत कोंडा पुरवत होती. तेव्हापासून ती मला जीव लावते, आणि कोरडी ठेवते.

तर, आता हॉलमध्ये परत येऊ.

सांगलीच्या एका संस्थेतून वीरधवल सर आले होते. उद्योजकता प्रमाणपत्राचा कोर्स. चार महिने, दर शनिवार-रविवार सांगलीत, फी पंधरा हजार, बॅच जूनपासून. सरांनी आधीच निरोप धाडला होता की घरातली अशी एक वस्तू आणा, जिच्यावर धंदा उभा राहील. कुणी कॅमेरा आणला, कुणी मेंदीचे कोन. संयोगितानं मला खताच्या पोत्यात घालून सायकलवरून आणलं. पोरं खिदळली, "संयोगे, भंगारवाला बाहेरच्या बाजूला असतोय!"

आणि अशात तिनं तो प्रश्न विचारला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कराडला माझी बेकरी होती," ते म्हणाले. "तीन वर्षं चालली. मग बुडाली." कुणी हसलं नाही. सरच हसले. "अगं, जो बुडालाय त्यालाच विहिरीची खोली बरोब्बर माहीत असते. म्हणून शिकवतो."

मला हा माणूस आवडला. खोटं बोलणाऱ्याचा हात दांड्यावर वेगळा लागतो, आणि सरांनी तेवढ्यात येऊन माझा दांडा फिरवून पाहिला होता!

मग सरांनी फळ्यावर रकाने आखले. "सांग, तुझ्या एक किलो शेवईला खर्च किती?"

"गहू, दळण, पाकीट धरून शंभर रुपये, सर."

"विकणार कितीला?"

"दोनशेला! म्हणजे पैशाला पैसा सुटला!"

"आणि हा रकाना?" सरांनी शेवटच्या चौकटीवर खडू टेकवला. तिच्यावर लिहिलं होतं, हात.

"ते फुकट, सर!" संयोगिता छाती पुढं काढून म्हणाली. "आमच्यात सावड असते!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. तरन्नुमनं तर शिट्टी वाजवली. सरांनी मात्र ती चौकट रिकामी ठेवली. "हा तू भर," ते म्हणाले. "भरलास की मला फोन कर. आणि एक सांगतो, सर्टिफिकेट भिंतीला लावलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही. बँकेत गेलीस तर बसायला खुर्ची मिळते, एवढंच. बाकीचं जे मिळतं ते शिकण्यात. विचार करून या. प्रवेश मे अखेरपर्यंत."

घरी गेल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. संयोगिताचे बाबा, लालासाहेब, फौजेतून नायक म्हणून निवृत्त झालेले, आता साखर कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करतात. ते एकदम उठून उभे राहिले. "घ्यायचंच! फौजेत कागदाशिवाय बुटाची नाडीसुदीक मिळत न्हाई. ज्याच्याकडं कागद, त्याचं काम पुढं."

"कागदाची शेवई हुती व्हय?" आतून राणीचा आवाज आला.

"तुला काय कळतंय गं?"

"मला येवढंच कळतंय की कणगीतल्या डब्यात अठरा हजार हाईत, आन् ते मोटरच्या मिशीनसाठी हाईत. तीन वर्सं साठवलंय मी. ह्यो दांडा फिरवून माझा खांदा रंगूबाईगत व्हायची वाट बघू का?"

मी तर गारच पडले! मोटरची मशीन! म्हणजे एक बटण दाबलं की घर्रर्र, आणि मी पुन्हा त्या फुटक्या बादलीशेजारी. नाहीतर सरळ काट्यावर, भंगाराच्या भावानं. मित्रांनो, खरं सांगते, लपवत नाही. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात लालासाहेबांच्या बाजूनं झाले. होऊ दे सर्टिफिकेट, संपू दे डब्यातले पैसे! राणीच्या खांद्याचा विचार मला शिवलासुद्धा नाही. आपला जीव वाचवायचा असला की आपण असेच होतो.

संयोगिता मात्र दोघांच्या मध्ये बसून नखं कुरतडत होती. मग म्हणाली, "मे संपायला लय वेळ हाय. मी आधी एक ऑर्डर करून बघते. धंदा मला येत असला, तर पंधरा हजार कशाला घालवायचं? आन् येत नसला, तर कळंल तरी काय येत न्हाई ते."

"बोलतीया तर वकिलागत," लालासाहेब मिशीत म्हणाले.

त्यांच्याच एका फौजी मित्राच्या बायकोचं साताऱ्याला घरगुती पदार्थांचं दुकान आहे. तिनं फोनवर पन्नास किलो खपलीच्या शेवया सांगितल्या. पन्नास किलो! मी जन्मात एका दमात एवढ्या काढल्या नव्हत्या.

संयोगितानं गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं, "सावड हाय, यायला लागतंय." आठ जणी आल्या आणि चार दिवस आल्या. काय ते दिवस होते! अंगणात बाजांची रांग, त्यांवर लुगडी अंथरलेली, त्यांवर पांढऱ्या शेवयांचे झुबके. रंगूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात काठी, जणू सेनापतीच! "ए राणे, कणीक सैल झालीया. तरन्नुम, दांडा फिरीव, पंखा हालवल्यागत काय करतीस? आन् संयोगे, शेवई काढतीस का नाडा?"

"ईदला तुमच्याच वाटीत घालती बघा ह्यो नाडा," आबेदाचाची म्हणाल्या.

"घाल की. माझं दात कुठं ऱ्हायल्यात तुटायला!"

हसून हसून एकीच्या हातातली काठी सुटली आणि झेललेली शेवई कोंबडीच्या अंगावर पडली. कोंबडी झुरमुळ्या लावून गल्लीभर पळाली. माझी चकती तापली होती, स्क्रू सैल होत होता, तरी मी थांबले नाही. म्हटलं, बघा, बघा म्हातारीचा दम!

पाचव्या दिवशी बाप-लेक शेवयांचे खोके घेऊन एस्टीनं साताऱ्याला गेले. परत येईपर्यंत मोबाईलवर दहा हजार जमा. निम्मे खर्चाचे, निम्मे चक्क नफ्याचे! संयोगितानं माझ्याभोवती फेर धरला. "संपलं! मला कशाला पायजे सर्टिफिकेट? मी तर झालेच की उद्योजक!"

ती नाचत होती, आणि मला मोटरचा घर्रर्र ऐकू येत होता.

तेवढ्यात उंबऱ्यापाशी काठी वाजली. रंगूबाई. "नाचून झालं असंल तर सावडीचं बघ. आठ बायका, चार दिस. बत्तीस दिस झालं तुझ्याकडं."

संयोगिताचा पाय हवेतच राहिला. "बत्तीस?"

"मग? दिवसाला दिवस. का मोडीत काढायची सावड?"

घरच्या खायच्या शेवया एका दिवसात उरकतात. एकीचा एक दिवस घ्यायचा, एक द्यायचा, फिट्टंफाट. पण हिनं चार-चार दिवस घेतले होते, आणि तेही विकायच्या मालासाठी. राणीनं कपाळावर हात मारला. "माझ्याबी ध्यानात आलं न्हाई गं. इकायला कवा कुनी सावड घातलीया?"

संयोगिता हुशार पडली ना! तिनं वाट काढली. पाकिटात पैसे घातले आणि पहिली गेली आबेदाचाचींकडं. मी नेमकी तिथंच होते, चाचींनी ईदसाठी नेलेली.

"चाची, हे घ्या. तुमच्या चार दिवसांचं."

चाचींनी पाकीट उघडलं, आत बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझं बीडसुद्धा वितळावं. "मी तुझ्याकडं मजुरीला आल्ते व्हय गं पोरी?" त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेली बाई मी. चार दिवस पाय मोडून बसले, ते ह्याच्यासाठी?" त्यांनी पाकीट परत तिच्या मुठीत कोंबलं. आतून तरन्नुम डोळे वटारून हातानं खूण करत होती, पळ, पळ!

संयोगिता पळाली नाही. खाली बसली, ओढणीनं नाक पुसलं, अगदी आठ वर्षांची असताना पुसायची तसं. "चुकलं, चाची. मला वाटलं, पैसं दिलं की फिटतंय."

"पैशानं बाजार फिटतोय. सावड हातानं फिटती. उद्या सकाळी ये. बारीक चकती घालायची हाय."

ती दुसऱ्या दिवशी गेली. आणि तिसऱ्या. राणी म्हणाली, "निम्मं मी फेडते." संयोगितानं साफ नाही सांगितलं, "ऑर्डर माझी हुती, आई."

मित्रांनो, पुढचे दोन-अडीच महिने मी तिचे हात वाचत होते. शेवयांच्या दिवशी मी बरोबर असायचे, बाकी दिवशी घरी वाट बघायचे. संध्याकाळी ती येऊन सवयीनं माझ्या दांड्यावर हात ठेवायची. कधी हात पिवळेजर्द, म्हणजे हळदीचं काम. कधी झोंबरे लाल, म्हणजे मिरच्यांची देठं. कधी चिकट, म्हणजे कुरडयांचा चीक. मधे परीक्षा झाली, सुट्टी लागली, मैत्रिणी पोहायला गेल्या, ही सावडीला. पण तोंड वाकडं करून नाही हं! जिथं जाईल तिथून नवी गोष्ट घेऊन यायची. कुणाची कणीक फाटत नाही आणि का, कुणाच्या शेवया वर्षभर पोरकिडा धरत नाहीत आणि का. बायका तिला चिडवायच्या, "आल्या बघा मालकीणबाई! आज कितीची ऑर्डर?" आणि ती सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

एकदा तिनं मोबाईलमधलं घड्याळ लावून माझ्यावरचं काम मोजलं. मग बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. "निम्मा वेळ नुसता दांडा फिरवण्यात जातोय," ती पुटपुटली. मला जरा लागलं. पण खरं ते खरं. त्याच दुपारी राणी खांद्याला गरम विटेचा शेक घेत बसली होती. संयोगितानं वीट तिच्या हातातून घेतली आणि स्वतः शेकायला लागली. मी समोरच होते. ज्या दांड्याचा मला एवढा अभिमान, त्याचं दुखणं त्या खांद्यात होतं. मला पहिल्यांदाच वाटलं, येऊ दे मोटर. माझं काय व्हायचं ते होवो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात बत्तिसावा दिवस फिटला. रंगूबाईंनी काठी आपटून सांगितलं, "सुटलीस." संयोगिता माझ्यापुढं वही घेऊन बसली आणि तो रिकामा रकाना भरला. बाईची दिवसाची हजेरी तीनशे रुपये, दिवस बत्तीस, शेवया पन्नास किलो. मग तिनं सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, कुंडलची संयोगिता बोलतीय. रकाना भरला."

"अरे वा! काय निघालं?"

"किलोला एकशे ब्याण्णव रुपये हाताचे. म्हणजे किलोमागं ब्याण्णव रुपये तोटा झाला, सर. आणि मी अंगणात नाचले होते."

पलीकडून सर इतके हसले की मोबाईल थरथरला. "मीसुद्धा नाचलो होतो गं! मला कळायला तीन वर्षं लागली, तुला तीन महिने."

"मग आता मला तुमच्या सर्टिफिकेटचा काय उपयोग?" हा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता, पैजेचा नव्हे.

सर म्हणाले, "खरं सांगू? हा धडा आमचा सगळ्यात महागडा धडा, तो तुझा झाला. पण पाकिटावर लेबल काय लिहायचं, परवाना कुठून काढायचा, बँकेपुढं कागद कसा मांडायचा, हे तुला गल्लीत कुणी सांगणार नाही. त्याला आमच्याकडे यावं लागेल. पण बॅच दर वर्षी असते. घाई करू नकोस."

स्वतःचंच दुकान असून गिऱ्हाइकाला घाई करू नको सांगणारा माणूस! उगाच नाही त्याची बेकरी बुडाली. आणि उगाच नाही मला तो आवडला.

त्यानंतर दोन दिवस वहीत आकडेमोड चालली. साताऱ्याला फोन झाला. तिथल्या शेवया पंधरा दिवसांतच संपल्या होत्या, दोनशे चाळीस भाव द्यायला त्या बाई तयार होत्या. मोटर असेल तर आठजणींच्या जागी तिघी पुरतात. हजेरी आणि लाईट धरून किलोमागं साठ रुपये खरेखुरे सुटतात. आणि शेवटी तिनं पंधरा हजार फीला साठनं भागलं, एक ओळ लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या: सर्टिफिकेट म्हणजे अडीचशे किलो शेवया.

मित्रांनो, तुमच्याही घरात कॉटखाली, माळ्यावर, फुटक्या बादलीशेजारी माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला एकदा बाहेर काढा. दांडा फिरवून बघा. आम्हाला रोज काम हवं असं नाही, नव्याला हाकला असंही नाही. वर्षातून एकदा कुणीतरी आमच्याभोवती गोळा व्हावं, एवढंच पुरतं. आणि ज्यांनी आम्हाला फिरवलं ते खांदेसुद्धा आमच्याइतकेच जपा.

मेचा शेवटचा दिवस. सकाळचा चहा. लालासाहेब ड्यूटीचा शर्ट घालून बसलेले, राणी कपात चहा ओततेय, कणगीतला डबा मधोमध ठेवलेला, आणि मी खिडकीखालच्या टेबलावर, स्क्रूत मान अडकवून. संयोगिता उभी राहिली.

"आई, ह्या डब्यातल्या पैशांची मोटरची मशीन घ्यायची. उद्याच."

राणीच्या हातातला चहा बशीत सांडला. लालासाहेब म्हणाले, "आन् कागद?"

"कागद घेणार की, बाबा! पण पुढच्या जूनला, आणि माझ्या अडीचशे किलोंच्या पैशांनी. मग भिंतीवर कुठं लावायचा ते तुमी ठरवा."

"म्हंजे वरीसभर थांबायचं?"

"वरीसभर शिकायचं. आन् आजपासनं विकायच्या शेवयांना सावड लावायची न्हाई. येईल तिला त्याच दिवशी हजेरी द्यायची, चाचींनाबी. मी विचारून आलेय, चाची म्हणाल्या, बाजाराचं बाजाराला, चालतंय."

राणी हळूच माझ्याकडं बघत म्हणाली, "मग ही? मोटरवाला जुनं बीड बदल्यात घेतोय म्हनं, हजार कमी करतोय."

माझा स्क्रू सैल झाला. संयोगिता चालत आली, तो घट्ट आवळला आणि दांड्यावर हात ठेवून दोघांना बजावलं:

"ही बदल्यात जाणार न्हाई. घरच्या शेवया, ईदच्या शेवया, सावडीच्या शेवया हिच्यावरच निघणार. मागायला येईल तिला द्यायची. आन् नव्या मशीनच्या नादात कुणी हिला पाण्यानं धुतलं, तर बघा!"